पायपेटीवर वेगळ्या उपासनांचं संगीत : कामाच्या नोंदी (जालना, जून २०२५ पासून)

१ जून २०२५

आमच्या चर्चमधे नेहमीच्या रविवारी काय वाजवायचं हे ठरलेलं असतं. मंडळी येऊन बसेपर्यंत एक संथ चाल, अर्पणाला एक, शेवटी बाहेर पडताना एक जोरकस, झालं. अडचण येते ती वर्षातून एकदाच होणाऱ्या उपासनांना, किंवा आधी कधी झालीच नाही अशा प्रसंगांना. पेरणीआधी शेतकरी बियाणं घेऊन येतात ती उपासना, नर्सिंगच्या मुलींचा दिव्यांचा कार्यक्रम, एखाद्या फौजीचा स्मरणविधी, कबरस्तानातली प्रार्थना, दोन वेगळ्या धर्मांच्या घरांमधलं लग्न. या वर्षी असे बरेच प्रसंग एकामागोमाग येणारेत आणि पाळकसाहेबांनी सगळ्यांचं संगीत माझ्याकडे दिलंय, म्हणून प्रत्येक वेळी काय निवडलं, काय जमलं, काय फसलं ते लिहून ठेवतोय. लहान गावातल्या चर्चमधे कुणी हेच काम अंगावर घेतलं असेल तर त्याला उपयोग व्हावा.

आमचं वाद्य म्हणजे जुनी अमेरिकन पद्धतीची पायपेटी. ६१ पट्ट्या, पायाने भाता मारायचा, गुडघ्याने दोन दांडे ढकलायचे, उजव्याने आवाज उघडतो आणि डाव्याने सगळे स्टॉप (आवाजाचा पोत निवडायच्या खुंट्या) एकदम लागतात. पाईप ऑर्गन नाही हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसवा. ऑर्गनचं म्हणून जे संगीत छापलेलं मिळतं त्यातल्या बऱ्याच भागाला पायाने वाजवायच्या खालच्या पट्ट्या लागतात, आणि आपले पाय तर भात्यावर असतात. विडोरची ती प्रसिद्ध टोकाटा (पाचव्या सिम्फनीतली, १८७९) लोक मोबाईलवर ऐकवतात आणि हे वाजवा म्हणतात, ते या वाद्यावर होणार नाही, सरळ नाही म्हणून मोकळं व्हायचं.

८ जून

आधी वाद्य. भात्याला चीर पडली होती, एका दमात चार ओळीसुद्धा निघत नव्हत्या. पेटी दुरुस्त करणारे एक काका छत्रपती संभाजीनगरहून आले, हात चांगला आहे त्यांचा, पण त्यांचं सगळं आयुष्य हातपेटीवर गेलेलं. हातपेटीत हवा आत भरून सुरांतून बाहेर ढकलतात, या पायपेटीत उलटं, भाता हवा बाहेर ओढतो आणि सुरांतून हवा आत खेचली जाते. आतला मोठा भाता स्प्रिंगच्या जोरावर उघडा राहतो. काकांनी हातपेटीच्या सवयीने जाड रेक्झीन चिकटवलं, ते इतकं ताठ की स्प्रिंगला भाता उघडताच येईना आणि आवाज धापा टाकल्यासारखा यायला लागला. ते सगळं उखडून मऊ रबरी कापड लावलं तेव्हा दम टिकला. रेक्झीनचे १,४०० गेले ते गेलेच, दुसऱ्यांदा कापड, सरस आणि मजुरी मिळून ४,५०० रुपये.

खालच्या बाजूचे काही सूर मुके होते, त्यांच्यात फक्त धूळ होती. सूर हुकाने हळू ओढून बाहेर काढायचा, मऊ ब्रशने मुळाकडून टोकाकडे झाडायचा, पितळी जिभेला बोट लावायचं नाही. इतकंच. याला पैसे देऊ नका, घरी होतं.

१५ जून

संगीत शोधताना सगळ्यात कामाला आलेली दोन पुस्तकं. सेझार फ्रँकचं ल ऑर्गनिस्त, त्याने शेवटच्या काळात, १८९० च्या सुमारास लिहिलेलं, ५९ छोटे तुकडे, खास हार्मोनियमसाठीच. आणि लुई व्हिएर्नचे २४ तुकडे, ओपस ३१, ऑर्गनवर किंवा हार्मोनियमवर कशावरही वाजवता यावेत असे लिहिलेले. दोघांचंही कॉपीराइट संपलेलं आहे, नेटवर फुकट मिळतं, झेरॉक्स आणि स्पायरल बायंडिंग मिळून ३८० रुपये.

एक गोष्ट मात्र पुस्तकात कळत नाही, वाद्यावर बसल्यावरच कळते. फ्रेंच हार्मोनियमचे डावे-उजवे स्टॉप मधल्या ई आणि एफच्या मधे तुटतात, आपल्या अमेरिकन पेटीत ते बी आणि मधल्या सीच्या मधे तुटतात. म्हणजे पुस्तकात लिहिलंय तसे डावीकडे मऊ आणि उजवीकडे तेज स्टॉप ओढले तर चाल चालता चालता मधेच आवाज बदलतो, जणू गाणारा माणूस बदलला. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखेच स्टॉप ओढायचे आणि चढउतार गुडघ्याने करायचे. थोडी मजा जाते पण गोंधळ होत नाही.

२२ जून, पेरणीची उपासना

शेतकरी कुटुंबं दारापासून वेदीपर्यंत बियाण्याच्या पिशव्या आणतात, सरकी, सोयाबीन, तूर, कुणी ज्वारीची ओंजळभर. पाळकसाहेब प्रार्थना करतात, मग प्रत्येकजण आपली पिशवी घेऊन परत जातो.

मी निवडली होती शुल्झची चाल, १८०० सालची, इंग्रजी चर्चमधे हंगामाच्या सणाला नांगरणी-पेरणीच्या गीताला हीच लावतात. कागदावर यापेक्षा योग्य काहीच नाही. पण ती चाल जोरकस आहे, पाऊल ठेक्यात पडायलाच लावते. पुढे तरुण पोरं झपाझपा वेदीपाशी पोचली आणि मागे म्हाताऱ्या बाया डोक्यावर पिशव्या घेऊन ठेक्याबरोबर पाय उचलायला बघायला लागल्या, त्यांची फरपट व्हायला लागली. एक मावशी पेटीजवळून जाताना थांबून म्हणाल्या, "बाबा, जरा दमानं वाजीव की, डोक्यावर ओझं हाय." 

तिथंच चाल सोडली आणि अमेझिंग ग्रेसची चाल धरली, तीही ठेका काढून, प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर धरून ठेवत. ही चाल पाच सुरांची, सा रे ग प ध, म्हणजे आपला भूपच, त्यामुळे ती कुणाला परकी वाटत नाही. ठेका गेला की माणूस आपल्या चालीने चालतो, रांग आपोआप सुटसुटीत झाली. तेव्हापासून मिरवणुकीसाठी काहीही निवडायचं असलं की मी आधी विचारतो, चालणार कोण आणि हातात काय असणार. गीताचे शब्द प्रसंगाला जुळतात का हे त्यानंतर.

६ जुलै

आमच्या कपाटात जुनी स्तोत्रांची पुस्तकं आहेत, स्कॉटिश मिशनच्या काळातली. जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री त्याच मिशनचे, त्यामुळे स्कॉटिश स्तोत्रांच्या चाली इकडे पिढ्यानपिढ्या कानावर आहेत. जिथं काहीच सुचत नाही तिथं ओल्ड हंड्रेड्थ वाजवा, १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली चाल. हळू वाजवली तर प्रार्थना होते, मोठ्याने वाजवली तर आभार होतात, आणि कोणत्याही ओळीवर थांबता येतं.

१९ जुलै, नर्सिंगच्या मुलींचा दिव्यांचा कार्यक्रम

यात संगीताचं खरं काम म्हणजे वेळ भरणं, आणि तो वेळ किती हे कुणालाच आधी सांगता येत नाही. एक मोठा दिवा पेटवतात, त्यावरून शिक्षिका आपली मेणबत्ती पेटवतात, मग प्रत्येक मुलगी पुढे येऊन आपला दिवा पेटवून घेते, आणि सगळ्या मिळून नाइटिंगेलच्या नावाची शपथ म्हणतात.

रंगीत तालमीला मी व्हिएर्नचं बर्सूझ घेतलं होतं, अंगाईगीत, फार गोड तुकडा. पण त्याला आपला आकार आहे, तो पुरा व्हायला लागतो. मुली संपल्या आणि तुकडा मधेच तोडावा लागला तेव्हा सगळ्यांना कळलं की काहीतरी तुटलं. म्हणून प्रत्यक्षात फ्रँकचे छोटे तुकडे लावले. एकाच सुरातले तीन-चार निवडून एका कागदावर चिकटवले, एक संपला की दुसरा, नाहीतर तोच परत, आणि पाळकसाहेबांची मान हलली की चालू तुकडा पुरा करून थांबायचं. प्रत्येक तुकडा इतका लहान आहे की वाट बघावी लागत नाही.

दिवे विझू नयेत म्हणून पंखे बंद केले होते. मी हे आधी धरलंच नव्हतं. पंख्यांचा आवाज गेल्यावर पेटीच्या भात्याची खसखस आणि पायडलची कुरकुर पहिल्या बाकापर्यंत ऐकू यायला लागली. बिजागरीत मेण घासलं होतं म्हणून निभावलं, पण दुसऱ्यांना सांगतो, तालीम करताना पंखे बंद करूनच करा. दुसरं, आवाज कमी ठेवायचा तर लोक भाता हळू मारतात आणि मग सूर डळमळतात. भाता नेहमीसारखाच मारायचा, स्टॉप एकच ठेवायचा, डल्सियाना नावाचा मऊ, आणि गुडघा बंद.

रांगेतली एक मुलगी, आष्टीकडची असावी बोलण्यावरून, तिची मेणबत्ती पेटेचना, वात मेणात बुडलेली. शिक्षिकेने नखाने वात उकरून वर काढली, तोवर मागची सगळी रांग थांबलेली. त्या वेळात मी पहिला तुकडा परत घेतला आणि कुणाला थांबल्यासारखं वाटलं नाही. अशाच जागेसाठी या उपासनेत छोटे तुकडे हवेत.

१० ऑगस्ट, फौजीचा स्मरणविधी

निवृत्त सुभेदार होते. घरच्यांची एकच मागणी, अबाइड विथ मी हे इंग्रजी स्तोत्र. दिल्लीत बीटिंग रिट्रीटला ही धून वर्षानुवर्षं वाजायची, २०२२ मधे काढली, सुभेदार दर २९ जानेवारीला टीव्हीसमोर उभे राहून ती ऐकायचे असं त्यांच्या मुलाने सांगितलं. चाल मंकची, १८६१ ची.

ही मागणी ऐकून मी दुसरं काही शोधायच्या भानगडीत पडलो नाही. हँडेलचा डेड मार्च (त्याच्या सॉल या मोठ्या गायनरचनेतला, १७३९) कुणीतरी सुचवला होता, राष्ट्रीय इतमामाच्या अंत्ययात्रेत वाजतो म्हणून. त्याची गंमत म्हणजे तो सी मेजरमधे आहे, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, आणि तरी छातीवर दगड ठेवल्यासारखा जड वाटतो. पण तो जड वाटतो तो ढोल आणि पितळी वाद्यांमुळे, पायपेटीवर वाजवून बघितला तर शाळेच्या प्रार्थनेसारखा वाटला. तो वगळला.

अबाइड विथ मी वाजवताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गायकांचा श्वास. पेटीवाला भात्याने वाजवत असल्यामुळे त्याला श्वास घ्यावा लागत नाही आणि तो ओळींना ओळी जोडत सुटतो. मी प्रत्येक ओळीनंतर हात उचलत होतो, स्वतः मनात शब्द म्हणत. शेवटचं कडवं वाजवलंच नाही, पेटी बंद ठेवली, लोकांनी नुसतं गायलं. त्यांच्या रेजिमेंटचे दोन जुने सहकारी आले होते, त्यांना इंग्रजी शब्द पाठ होते.

२२ ऑगस्ट, पोळा

मंडळीतल्या काही शेतकऱ्यांनी विचारलं की बैलांसाठी कंपाउंडमधे प्रार्थना करता येईल का. कमिटीत बरीच चर्चा झाली, शेवटी बैल आणायचे नाहीत पण शेतकऱ्यांनी यावं आणि जनावरांसाठी प्रार्थना व्हावी असं ठरलं. बाखची शीप मे सेफली ग्रेझ वाजवली, हातपेटीवर, नुसती चाल. लोक हिला चर्चचं संगीत समजतात, पण मुळात ती १७१३ च्या सुमारास एका ड्यूकच्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या शिकारीच्या कँटाटामधली (गायक आणि वाद्यांसाठीची मोठी रचना), त्यात चांगला राजा हा चांगला मेंढपाळ असं म्हटलंय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगली झाली, यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. पावसाळी हवेने पायपेटीच्या दोन पट्ट्या फुगून अडकल्यात, हे मात्र बघायला पाहिजे.

२८ सप्टेंबर

हंगामाच्या सणाचं संगीत ऑगस्टमधेच ठरवून ठेवलं होतं. एल्व्हीची सेंट जॉर्जेस विंडसर (१८५८) आत येताना, मग नुन डांकेट हे जर्मन आभारगीत, आणि अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू होण्याआधी एक जोरकस तुकडा. सप्टेंबरच्या पावसाने सगळं बदललं. बीड, धाराशिव, लातूर, परभणी, आपलं जालना, कुठं बघावं तिकडं पाणी. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, कापसाची बोंडं काळी पडली, काहींची माती वाहून गेली. मंडळीतल्या दोन घरांत पाणी शिरलं.

कमिटीत दोन मतं पडली. काहीजण म्हणाले सण रद्द करा, आभार कशाचे मानायचे. मंडळीतले एक वडील म्हणाले, सण ठेवा पण लिलाव नको. पाळकसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सांगा, काय वाजवता येईल यात?" 

मी आठवडाभर मागितला.

३ ऑक्टोबर

माझ्याकडे आधीच्या पेटीवाल्या सरांची वही आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणत होते तेव्हा, आमच्याकडेही पावसासाठी उपासना झाली होती आणि त्या पानावर सरांनी लिहिलंय : "आउस टीफर नोट. भैरवीआधी." एवढंच.

हे शोधत बसलो आणि सगळं उलगडलं. आउस टीफर नोट हे ल्यूथरचं १५२४ चं गीत, स्तोत्र १३० वरून, खोल जागेतून मारलेली हाक. त्याची चाल ज्या जुन्या स्वररचनेत आहे तिला फ्रिजियन म्हणतात, आणि तिचे स्वर म्हणजे सा, कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी. भैरवी! पहिलीच ओळ प वरून एकदम खाली सा वर कोसळते आणि परत प वर चढते : प, सा, प, ध, प, ग, म, प. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला ही ओळ ऐकून काय म्हणायचंय ते कळतं, जर्मन यायची गरज नाही. आणि आपल्या महिला मंडळाचं भजन भैरवीतच आहे.

बाखने या चालीवर बरंच लिहिलंय. १७३९ च्या क्लाव्हिअर-उबुंग या छापील संग्रहाच्या तिसऱ्या भागात दोन रचना आहेत, मोठीला सहा आवाज आणि दोन्ही पायांना वेगवेगळं काम, ती बाजूला. धाकटी नुसत्या हातांची आहे, पण ती बसवायला महिने लागतील. मी घेतला त्याच्या ३८ व्या कँटाटाच्या (१७२४) शेवटचा साधा चार आवाजांचा कोराल, म्हणजे चर्चच्या गीताची चार आवाजांत बांधलेली चाल. एका पानाचा.

अडचण सुराची. मूळ चाल पांढऱ्या पट्ट्यांवर ई पासून म्हणजे पांढरी तीनला बसते. बायका भजन गातात काळी एकमधे, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, आणि तबला त्यालाच लावलेला. पांढरी तीनमधे कोराल वाजवून मग काळी एकला भजन उचललं तर मधे दरी पडते, तालमीत पडलीच, पहिली ओळ कुणालाच उचलता आली नाही. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, पायपेटीला नसतं. मग बसून सगळा कोराल दीड स्वर खाली लिहून काढला. आणखी एक, पायपेटी आणि हल्लीचे तबले यांचा सूर तंतोतंत जुळेलच असं नाही, जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात. पेटीचा सूर आपण हलवू शकत नाही, म्हणून तबला पेटीला लावायचा. तबलजीला अर्धा तास आधी बोलवा आणि पेटीशेजारी बसवा.

नुन डांकेट काढायचं की ठेवायचं यावर परत बोलणं झालं. मी कमिटीला एवढंच सांगितलं की हे आभाराचं गीत लिहिणारा मार्टिन रिंकार्ट जर्मनीतल्या आयलेनबुर्गचा पाळक होता, तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, १६३७ मधे गावात प्लेग आला आणि माणसं पुरता पुरता गावातल्या पाळकांपैकी तो एकटा उरला, त्याची बायकोही त्याच साथीत गेली. त्याच सुमाराचं गीत आहे हे. जे सण नको म्हणत होते तेच म्हणाले, ठेवा.

५ ऑक्टोबर, हंगामाचा सण

आत येताना काहीच वाजवलं नाही. लोक हातात जे होतं ते घेऊन आले, कोंब फुटलेल्या शेंगा, काळी बोंडं, एकाने नुसती माती आणली होती स्टीलच्या डब्यात. वेदीसमोर ठेवलं. सगळे बसल्यावर कोराल, एकदाच, दोन मऊ स्टॉपवर. शेवटचा सूर उचलला नाही, तोच सा धरून ठेवला आणि त्यावरच बायकांनी भैरवी उचलली, तबला तिसऱ्या ओळीपासून. जोड कुठं होता ते कळलं नाही. याच्यासाठी सगळी लिहिण्याची मेहनत.

मग वचन, प्रार्थना, आणि नारायण वामन टिळकांचं एक गीत उपासना संगीतातून, साध्या पेटी-तबल्यावर. नुन डांकेट सगळ्यात शेवटी. ती चाल (क्रूगर, १६४७) सहसा दणक्यात वाजवतात, प प प ध ध प, मी ती अर्ध्या आवाजात सुरू केली आणि गुडघा अगदी शेवटच्या ओळीला उघडला. लोकांनी मोठ्याने गायलं. माझ्या मागच्या बाकावरचे एक काका, ज्यांची चार एकर सोयाबीन गेलीय, ते प्रत्येक कडवं गायले.

लिलाव झाला नाही. त्याऐवजी धान्य आणि कपडे गोळा केले. त्या वेळी पाळकसाहेबांनी वाजवायला सांगितलं पण मी नको म्हटलं, माणसं एकमेकांशी बोलत होती, कुणाचं काय गेलं विचारत होती, त्यावर पेटी कशाला.

२ नोव्हेंबर, कबरस्तानात

मृतांच्या आठवणीची प्रार्थना. पायपेटी हलवता येत नाही, बॅटरीवरचा कीबोर्ड मागच्या वर्षी नेला होता, उन्हात त्याच्या पट्ट्या तापतात आणि उघड्यावर आवाज पातळ होतो. हातपेटी गळ्यात अडकवून उभ्यानेच वाजवली. एक हात भात्यावर असल्यामुळे एकाच हाताची चाल, फार तर खाली एक धरलेला सूर. म्हणून एकेरी चालीत ताकद असलेलंच निवडायचं. हर्त्सलिश टुट मिच, बाखने मॅथ्यू पॅशनमधे पुन्हा पुन्हा वापरलेली चाल, जिच्यावर ब्राम्सनेही अखेरच्या दिवसांत (ओपस १२२, १८९६) दोन तुकडे केले. हासलरने १६०१ मधे ती बांधली तेव्हा ते प्रेमगीत होतं. एकाने विचारलं होतं की प्रेमगीताची चाल कबरीपाशी चालते का. चारशे वर्षं लोकांनी ती दुःखात गायलीय, चालते.

वारा असला की वहीची पानं उडतात, कपड्यांचे चिमटे न्या. लोक पांगून आपापल्या कबरींपाशी उभे असतात, लांबचे मागे पडतात, म्हणून एका जागी उभं न राहता मी मधल्या वाटेने हळूहळू फिरत वाजवलं. हे चांगलं जमलं.

२५ नोव्हेंबर, लग्न

मुलगा आमच्या मंडळीतला, मुलगी हिंदू घरातली परभणीची, दोन्ही घरं राजी, चर्चमधे आशीर्वादाची उपासना. मुलाच्या आईला वॅगनरचा तो नवरीच्या आगमनाचा कोरस हवा होता. ऑपेरात (लोहेनग्रिन, १८५०) तो लग्न झाल्यावर, जोडप्याला खोलीकडे नेताना गातात, आणि पुढे ते लग्न टिकत नाही. हे मी त्यांना सांगितलं, मग त्यांनीच दुसरं काही सुचवा म्हटलं.

व्हिएर्नच्या २४ तुकड्यांत एपिथालाम आहे, म्हणजे लग्नगीतच, पण सुरावट अशी सरकती की ओळखीचं काही हाताला लागत नाही, मुलीकडच्यांना ती परकी वाटली असती. शेवटी नवरी येताना क्लार्कचा प्रिन्स ऑफ डेन्मार्क्स मार्च, साधा, उजळ, कुठंही थांबवता येतो. तो थांबवावा लागलाच, कारण नवरीच्या मामांनी दारातच तिला थांबवून डोळे पुसले. बाहेर पडताना मेंडेल्सनचा (१८४२), त्याला पर्याय नाही, सगळ्यांना तो कळतो.

कार्यक्रम सुरू व्हायला उशीर झाला आणि मुलीकडचे एक आजोबा पेटीजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, ही पायपेटी इथं कशी? त्यांनी लहानपणी संगीत नाटकांत ऑर्गन ऐकलेला, बालगंधर्वांच्या कंपनीने जे वाद्य मराठी रंगभूमीवर रूढ केलं तेच. त्यांना ते चर्चचं वाद्य आहे हे माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं, यमन येतो का. मी यमनचा आलाप केला, मंडळी येऊन बसेपर्यंत तोच चालू ठेवला आणि दोन्हीकडची माणसं शांत बसून ऐकत होती. पुढच्या वेळी असं लग्न असलं तर सुरुवातीलाच हे करायचं, दोन्ही घरांच्या कानाला ओळखीचं असं एक तरी हवं.

३१ डिसेंबर

वर्षाअखेरची रात्रीची उपासना. बारा वाजेपर्यंत मौन आणि मग घंटा. प्रवचन लवकर संपलं तर मधे मोठी पोकळी राहते आणि ती भरायला पेटीवाल्याकडे बघतात. या वेळी आधीच ठरवलं की ती भरायची नाही, फक्त घंटेच्या आधी एक कडवं. लाईट गेली होती, विजेवरचा कीबोर्ड असता तर बंद पडला असता. घंटा झाल्यावर ओल्ड हंड्रेड्थ, सगळे स्टॉप, डावा गुडघा पूर्ण.

डावा दांडा मधेच अडकला, परत येईना, त्यामुळे दुसरं कडवं हळू व्हायला हवं होतं ते पूर्ण आवाजातच गेलं.

४ जानेवारी २०२६

दांड्याची स्प्रिंग गंजलीय, नवीन मिळाली नाही, सायकलच्या दुकानातून एक घेऊन कापून बसवली, ४० रुपये, चालतेय. ऑगस्टमधे अडकलेल्या पट्ट्या थंडीत आपोआप मोकळ्या झाल्या, त्यांच्या कडा घासायची घाई केली नाही हे बरं झालं, नाहीतर उन्हाळ्यात त्या खडखडल्या असत्या.

बारावीतली एक मुलगी शिकायला येतेय. तिला आधी हातपेटीवर काळी एक ते पांढरी चार असे सूर बदलून वाजवायला लावलंय, कोराल नंतर. झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) २९ मार्चला आहे, मिरवणूक रस्त्यावरून जाते, तेव्हा तिच्या गळ्यात पेटी द्यायचा विचार आहे, पट्टा मात्र रुंद कापडाचा शिवून घ्यायला हवा, दोरीने मान कापते.